वहिनी थंड पाण्यात उतरतात

वहिनींच्या आंघोळीचं पाणी हा त्या घरातला स्वतंत्र विषय होता. न्हाणीघरातला आरसा वाफेनं पुरता दिसेनासा झाला की मगच वहिनी आत जात. आरशात चेहरा दिसत असेल तर पाणी गार, हा त्यांचा हिशेब. कडक उन्हाळ्यातही त्यात बदल नाही. शिलाई मशीनच्या लोखंडी पायट्याचा गारवा तळव्याला लागतो म्हणून त्यांनी पायट्याला लोकरीचं आवरण शिवलं होतं. अशी ही बाई छपन्नाव्या वर्षी जेवताना म्हणाली की स्कूबा शिकायचं तर खाणीच्या गार तळ्यातच शिकायचं, नाहीतर नाही. ते ऐकून तिच्या नवऱ्याचा घास हातातच राहिला.

नवरा म्हणजे भाऊ. गल्लीत सगळेच त्यांना भाऊ म्हणत. त्यांचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. दिवसभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बायको आणि बहीण या दोन मजल्यांच्या मध्ये अडकून पडायचं, असं त्यांचं आयुष्य. पण अडकायची त्यांना सवय झाली होती. अशा वेळी धडपड करायची नाही, शांत बसायचं, कुणीतरी येऊन सोडवतं, असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत.

वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. वहिनी तिला वन्सं म्हणत. वन्संचे यजमान गेले तेव्हा त्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन भावाच्या घरी, वरच्या दोन खोल्यांत आल्या. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त होताना एकच वस्तू बरोबर आणली, ती म्हणजे फळ्यावर रेघा मारायची लांब लाकडी पट्टी. ही पट्टी त्या घरातला टेलिफोन होती. वन्सं वरून जमिनीवर एकदा ठोकत, म्हणजे चहा झाला. दोनदा ठोकलं, म्हणजे वर ये. तीनदा ठोकलं, म्हणजे तुझं मशीन बंद कर, माझं डोकं दुखतंय. खालून वहिनी केरसुणीच्या दांड्यानं छताला एक ठोका देत, म्हणजे कळलं. सव्वीस वर्षांत छताच्या त्या जागी बशीएवढा खळगा पडला होता आणि तो बुजवायला दोघींपैकी एकीचीही परवानगी नव्हती.

आता वहिनींचा आणि स्कूबाचा संबंध काय, तर तो सुईचा. गावाबाहेर दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साचून खोल तळं झालं होतं आणि तिथं पाण्याखाली उतरायला शिकवणारा एक क्लब होता. त्या क्लबाचे रबरी सूट फाटले की वीस वर्षं ते वहिनींकडेच येत. रबराच्या कडा आधी चिकटवायच्या आणि मग टाका असा घालायचा की सुई आरपार जाता कामा नये, कारण भोक पडलं की पाणी आलंच. वहिनींची शिवण गळत नाही, अशी त्यांची ख्याती होती. कुठला सूट उबदार, कुठला नाही, मानेशी पाणी का शिरतं, हे त्या गिऱ्हाइकाला मशीनवरून मान न उचलता सांगत. स्वतः मात्र तळ्याच्या काठावर कधी फिरकल्या नव्हत्या. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण," असं वन्सं त्यांना म्हणत, आणि ते अगदी शब्दशः खरं होतं.

शेवटी क्लबाच्या मास्तरांनीच विषय काढला. एका दुरुस्त सुटाची शिवण बोटानं चाचपत ते म्हणाले, "वहिनी, वीस वर्षं आमचे कपडे शिवताय. एकदा येऊन बघा तरी हे कुठं जातात ते." वहिनी हसल्या. पण वर वन्संच्या कानावर हे गेलं आणि त्याच दुपारी दोन ठोके पडले.

"आपण दोघी शिकायचं," वन्सं म्हणाल्या. "पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं, जोडीदार लागतो. मी वाचलंय सगळं."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावर त्यांनी कागद पसरला. मधोमध रेघ, डावीकडे गरम, उजवीकडे गार. गरम म्हणजे त्यांचा मुलगा राहायचा ते दूरचं समुद्रकाठचं शहर. गार म्हणजे खाणीचं तळं. गरमच्या रकान्यात चौदा मुद्दे होते. पाणी अंगाला सोसवणारं, सूट पातळ, तळ स्वच्छ दिसतो, मासे रंगीत, चार दिवसांत शिकून प्रमाणपत्र हातात, मुलाकडे राहायची सोय, वगैरे. गारच्या रकान्यात तीनच. घराजवळ, मास्तर ओळखीचे, आणि गारात शिकलेल्याला गरम पाणी सोपं जातं.

"चौदा आणि तीन," वन्सं म्हणाल्या. "यात चर्चा करण्यासारखं काही आहे का?"

"तिसरा मुद्दा बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "गारात शिकलेलं गरमात चालतं. गरमात शिकलेलं गारात चालत नाही. आपण गारातच शिकू."

"अगं, तुला गारात चालून कुठं जायचंय? तुला गार खुर्ची चालत नाही."

"ते काही नाही. तळं."

भाऊंचा घास हातात राहिला तो इथं. वन्संनी चष्मा काढून वहिनींकडे पाहिलं. एखाद्या हुशार मुलीनं सोपं गणित चुकवावं तसं त्यांना झालं होतं. पण वहिनींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कागद घडी घालून आत गेला आणि तळं ठरलं.

खरी गोष्ट अशी होती की आठ दिवसांपूर्वी वन्संच्या सुनेचा वहिनींना फोन आला होता. खिडकीची लांबी-रुंदी सांगून तिनं विचारलं होतं, "मामी, एवढ्या खिडकीला कापड किती लागेल? आणि आईंना कोणता रंग बरा वाटेल?" वहिनींनी कापड सांगितलं, रंग सांगितला आणि फोन ठेवला. त्यांच्या धंद्यात एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चार दिवसांच्या पाहुण्यासाठी कुणी पडदे शिवत नाही. वन्सं गरम पाण्यात शिकायला जाणार होत्या त्या परत यायला जाणार नव्हत्या. आणि हे त्यांनी वहिनींना सांगितलं नव्हतं.

वहिनींना ते फार लागलं. पण बोलायचं कुठल्या तोंडानं? आईनं मुलाकडे राहायला जाऊ नये, असं सांगणारी भावजय कुणी पाहिली आहे? चार लोक काय म्हणतील, आणि चार लोक गेले उडत, वन्सं काय म्हणतील? म्हणून वहिनी मूग गिळून गप्प बसल्या आणि त्यांनी तळं निवडलं. तळ्यावर शिकायला फक्त सुट्टीच्या दिवशी जाता येई. त्यात वारा असला, मास्तरांना सर्दी झाली, की तो दिवस रद्द. असं करत करत हंगाम निघून जाईल, मग पुढचा हंगाम, असा त्यांचा साधा डाव होता. त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे पाणी.

सुरुवातीचे धडे बंदिस्त तरणतलावात झाले. तिथलं पाणी तापवलेलं असल्यामुळे वहिनी खुशीत होत्या. लेखी परीक्षेत वन्संना पैकीच्या पैकी मार्क पडले, शिवाय प्रश्नपत्रिकेतल्या दाबाच्या एका गणितात त्यांनी चूक काढून दिली आणि मास्तरांनी ती निमूटपणे दुरुस्त केली. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला, म्हणजे ठीक आहे. अंगठा वर केला, म्हणजे वर जायचं. मास्तरांनी एक नियम तीनदा सांगितला. "कुणीही, कधीही वर जायची खूण करू शकतं. कारण द्यायचं नाही. जोडीदारानं विचारायचं नाही. खूण दिसली की दोघांनी वर यायचं. आणि ठीक नसताना ठीक म्हणायचं नाही."

"हा नियम घरात लावला तर फार बरं होईल," भाऊ परतताना गाडीत म्हणाले. मागच्या सीटवर दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

मग आला सुटाचा प्रश्न. क्लबाचा एक सूट वन्संना बसला. बसला म्हणजे काय, भाऊंनी मागून आणि वहिनींनी पुढून ओढून त्यांना त्यात कसंबसं घातलं. वहिनी ठेंगण्या आणि अंगानं भरलेल्या. त्यांच्या मापाचा सूट क्लबात नव्हता. "माझा मी शिवते," त्या म्हणाल्या आणि जाड रबर आणून पंधरा दिवसांत त्यांनी सूट उभा केला. शिवण अशी की बघत राहावं. तो घालायला त्यांना कुणाची मदत लागली नाही. घुसमटून लाल झालेल्या वन्संपुढे त्या घरभर फिरून आल्या, खाली वाकल्या, स्टुलावर बसून दाखवलं.

"कपडा असा असावा," त्या म्हणाल्या. "माणसाला श्वास घेता आला पाहिजे."

घोडं पेंड खात होतं ते इथं. वहिनींनी आजवर दुसऱ्यांचे रबरी सूट दुरुस्त केले होते, नवा कधी बेतला नव्हता. आणि पस्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या हाताला एक सवय असते. माप घेतलं की दोन बोटं सैल धरायचं. माणूस बसतो, जेवतो, उद्या चार घास जास्त खातो, त्याची सोय ठेवायची. गिऱ्हाइकाला रबर अंगाला चिकटून असलं पाहिजे असं बजावणाऱ्या वहिनींनी स्वतःला बेतताना प्रत्येक जागी दोन बोटं सोडली. रबरी सुटाचं गमक असं की थोडं पाणी आत शिरतं, पण ते अंगाशी अडकून राहतं आणि अंगाच्या उबेनं तापतं. सूट सैल असला की ते पाणी तापायच्या आत निघून जातं आणि त्याच्या जागी नवं गार पाणी येतं.

तळ्याच्या काठावर मास्तरांनी त्यांच्या खांद्याशी रबर चिमटीत धरून पाहिलं. "वहिनी, जरा सैल वाटतंय का?"

"मास्तर, शिवण कुणाची आहे?" वहिनी म्हणाल्या.

ज्याच्या अंगावरच्या सुटाला त्याच बाईचे अकरा टाके होते, तो माणूस यावर काय बोलणार? त्यांनी चिमटी सोडली, आणि मागाहून त्यांना याचा पश्चात्ताप झाला.

पाण्यात दोन मजले खोल एक लोखंडी कठडा असलेला फलाट टाकलेला होता. त्यावर गुडघे टेकून धडे गिरवायचे. दोरी धरून तिघं खाली उतरले. वर हिरवट उजेड, खाली काळोखी, आणि मधे आपल्याच श्वासाचे बुडबुडे. पहिल्या मिनिटाला वहिनींच्या मानेतून एक गार रेघ पाठीवरून कमरेपर्यंत गेली. त्यांनी हात हलवला, दुसरी रेघ आली. गुडघे टेकले तेव्हा पोटावर गार पाण्याची अख्खी बादली ओतल्यासारखं झालं. न्हाणीघरातला वाफाळलेला आरसा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

मास्तरांनी विचारलं, ठीक? वहिनींनी बोटांचा गोल करून दाखवला, ठीक.

चष्म्यात पाणी घेऊन काढायचा धडा झाला. तो त्यांनी केला. मास्तरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ठीक. आता त्यांचे दात तोंडातल्या नळीवर कडकड वाजत होते आणि हातमोज्यातली बोटं आहेत की नाहीत हे कळत नव्हतं. अंगठा वर केला की संपलं, हे त्यांना ठाऊक होतं. पण अंगठा वर केला तर वन्सं म्हणणार, झालं ना समाधान, चला आता गरम पाण्याला. आणि गरम पाण्याकाठी एका खिडकीला पडदे लागायचे होते. मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. वहिनींनी पुन्हा बोटांचा गोल केला. तो गोलही नीट झाला नाही.

तेवढ्यात दोन ठोके ऐकू आले.

पाण्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, तो सगळीकडून आल्यासारखा वाटतो. वहिनींना तो डोक्यावरून, छतातून आल्यासारखा वाटला. टक टक. म्हणजे वर ये. सव्वीस वर्षांची सवय. डोक्यानं काही ठरवायच्या आत वहिनींचे गुडघे फलाटावरून उठले होते. समोर वन्सं हातातल्या दिव्याचा दांडा लोखंडी कठड्यावर धरून बसल्या होत्या. वहिनींचं लक्ष गेलं तसा त्यांनी दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला, मास्तरांना दिसेल असा. कारण विचारायचं नाही, असा नियमच होता. सगळे सावकाश वर आले.

काठावर मास्तरांनी वहिनींच्या सुटाची मान ओढली तेव्हा आतून भळभळा पाणी आलं. ते कधी चिडत नसत, पण आज चिडले. "तीनदा विचारलं, तीनदा खोटी खूण केलीत. खोटी खूण करणाऱ्याला मी पुन्हा पाण्यात नेत नाही," असं म्हणून ते हवेची नळकांडी आवरायला निघून गेले. वहिनी ब्लँकेट गुंडाळून गाडीच्या पायरीवर बसल्या. ओठ जांभळे पडले होते. भाऊ गरम पाण्याची पिशवी घेऊन उभे होते आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. वन्संनी थर्मासमधला चहा ओतून वहिनींच्या हातात दिला.

"दोन बोटं सोडलीस ना?" त्या म्हणाल्या.

"सवय," वहिनी दात वाजवत म्हणाल्या.

"आणि वर का नाही आलीस?"

"मी वर आले असते, तर तुम्ही म्हणाला असता, चल गरम पाण्याला."

"म्हणाले असते. मग?"

"मग पडदे."

वन्संनी थर्मास खाली ठेवला. भाऊंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमच्या सुनेनं पडद्याचं कापड विचारलं," वहिनी म्हणाल्या. "चार दिवसांच्या पाहुण्याला कुणी पडदे शिवतं का, वन्सं?"

वन्सं त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने झाले, तुला कसं सांगू म्हणून मी जिन्यात येते आणि परत जाते. त्यापेक्षा चार दिवस शिकायला म्हणून तुला तिथं न्यायचं आणि तिथंच सांगायचं, असं ठरवलं होतं. आणि तू इकडे गारठून मरायला निघालीस. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते दोघींनीही. आता तुला जे म्हणायचंय ते म्हणून टाक. एकदा अंग कोरडं झालं की तू म्हणायची नाहीस."

वहिनींनी कप खाली ठेवला. "जाऊ नका," त्या म्हणाल्या.

वन्संनी मान हलवली. चष्मा काढून ओल्या बाहीला पुसला, त्यानं तो आणखीच ओला झाला.

"मुलगा म्हणतो ये. सून म्हणते या. हा," त्यांनी भाऊंकडे बोट केलं, "याला आधी सांगितलं होतं, तर म्हणतो तुझी इच्छा. सव्वीस वर्षं एका घरात काढली आणि जाताना कुणी अडवलंसुद्धा नाही, तर मी इथं राहत होते की जिन्यात उभी होते? एका तरी माणसानं म्हणायला हवं होतं, जाऊ नको."

"म्हटलं ना मी. मग नाही ना जाणार?"

"जाणार," वन्सं म्हणाल्या. "आता जायला हरकत नाही."

वहिनींना रडू फुटलं. ती थंडीच आहे असं समजून भाऊंनी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सूट उसवला आणि जागोजागी दोन बोटं आत घेतली. तो घालताना आता भाऊ मागून आणि वन्सं पुढून ओढू लागले, आणि वन्संनी त्या वेळी सगळे जुने हिशेब चुकते केले. मास्तरांची समजूत घालायला वहिनींना क्लबात जाऊन, सगळ्यांसमोर, ठीक नसताना ठीक म्हटलं ही चूक झाली असं सांगावं लागलं. वीस वर्षांत त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मास्तर इतके संकोचले की त्यांनीच माफी मागितली. पुढच्या दोन महिन्यांत दोघी गार तळ्यात शिकल्या. थंडी वाजली की वहिनी अंगठा वर करत, आणि कारण कुणी विचारत नसे. प्रमाणपत्रावरच्या फोटोत दोघींचीही नाकं लाल आहेत.

वन्सं गेल्या तेव्हा पडदे वहिनींनीच शिवून दिले, मापात, एक सूत इकडे-तिकडे नाही. पट्टी विमानात नेता येईना म्हणून ती खालीच, मशीनशेजारी राहिली. दुपारी चारला, चहाच्या ठोक्याच्या वेळी, वहिनींची मान आपोआप वर छताकडे जायची. घर फार शांत झालं, आणि वहिनींनी ते लपवलं नाही. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं की करमत नाही.

मग एक दिवस चार वाजता फोन वाजला. पलीकडून कुणी बोललं नाही. लाकडावर एक ठोका ऐकू आला, टक. वहिनींनी केरसुणी उचलली आणि फोन हातात धरून रिकाम्या मजल्याखालच्या छताला दांड्याचा एक ठोका दिला. तेव्हापासून रोज चारला तसंच होऊ लागलं. आणि तीन महिन्यांनी एका दुपारी पलीकडून दोन ठोके आले.

वहिनींनी त्याच आठवड्यात बॅग भरली. पातळ रबराचा नवा सूट शिवला, अंगाबरोबर, एक बोटही न सोडता.

"या खेपेला गरम पाणी का?" भाऊंनी दारातून विचारलं.

"गरमच. मला काय वेड लागलंय गारात उतरायला?"

भाऊ तिथंच उभे राहिले. हातात पेचकस होता, पण आज घरात दुरुस्त करायला काही नव्हतं. "परतीचं तिकीट काढलंयस ना?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी बॅगेची चेन अर्ध्यावर थांबवली. "काढलंय. पण अहो, तुम्ही एकदा म्हणा."

"काय म्हणू?"

"जाऊ नको म्हणा."

भाऊंनी पेचकस खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

"हं," वहिनी चेन ओढत म्हणाल्या. "आता जाते."